दहावाली सिस्टर

निम्मी वाट सरली होती. पुलाचं काम निघाल्याने गाडी बंद, म्हणून दवाखान्यापासून शाळेपर्यंत तासभर पायपीट. पुढे सिस्टर, खांद्याला फ्लूच्या लसीचा निळा डबा. मागे शाळेच्या बाई, धापा टाकत.

"बाई, वर्गात तुम्ही मुलांना पळवता की मुलं तुम्हाला?" सिस्टरनी मागे न बघताच विचारलं.

"रिटायर व्हायला आलात, आता तरी हळू चालाल म्हटलं!"

सिस्टर हसल्या. एकतीस वर्षं त्यांची चाल हीच. सुई टोचताना "मुंगी चावेल हं" असलं काही त्या कधी सांगत नसत. सरळ म्हणत, "दुखणार. पण दहा मोजेपर्यंतच." पोरं रडत रडत मोजायची आणि सातालाच गप्प व्हायची. म्हणून त्या पोरांच्या 'दहावाली सिस्टर'.

मागच्या हिवाळ्यात बाईंचा अर्धा वर्ग तापाने आडवा झाला होता. एक चिमुरडी तर आठ दिवस ऑक्सिजनवर होती. देवाच्या कृपेने उठली. या खेपेला बाईंनी महिनाभर उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे बेचाळीस मुलांच्या आया लसीला तयार झाल्या. जुळ्यांच्या आईने तर ठणकावलंच होतं, "अर्धा दिवस रजा टाकते, बाई. पण एकदाच. पुन्हा बोलवलंत तर मी नाही यायची."

पुलाच्या तोंडाशी सिस्टर एकदम थबकल्या.

"बाई, सकाळी मी आइसपॅक हलवून बघितले का हो?"

बाईंनी सकाळ आठवून पाहिली. फ्रीजरमधले आइसपॅक सिस्टर आधी जरा बाहेर ठेवत, मग एकेक कानाशी धरून हलवत. आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं की मगच डब्यात. दगडासारखा कडक पॅक ठेवला तर लसच गोठते. आणि आज दारात उभं राहून "चला, चला, आया खोळंबल्यात" असा धोशा लावला होता तो बाईंनीच.

सिस्टरनी तिथेच डबा उघडला. पॅकला चिकटलेली एक बाटली उजेडात धरली. आत बर्फाचा बारीक पापुद्रा.

"वितळेल की थोड्या वेळात," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"वितळेल. दिसेलही चांगली. पण गुण गेला तिचा. पोरं दहा मोजतील, आया निर्धास्त होतील, आणि थंडीत पुन्हा तेच आजारपण."

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. मनातल्या मनात त्यांनी देवाला हाक मारली.

"दवाखान्यात दुसरी आहे. जाऊन येते," डबा बंद करत सिस्टर म्हणाल्या. "दोन तास धरा."

"तोवर आया थांबायच्या नाहीत हो! निदान लस यायला उशीर झाला असं सांगते. तसं खरं सांगायचं तर घाई माझीच होती."

"घाई तुमची, पण डबा माझा." सिस्टरनी बाईंचा हात धरला. दोन पावलं मागे सरल्या, तरी हात सोडला नाही. "बाई, एक कराल? माझ्यासाठी खोटं बोलू नका. सांगा, सिस्टरच्या हातून लस गोठली, ती बदलायला गेलीय. चिडल्या तर चिडू देत. फक्त मी येईपर्यंत त्यांना थांबवून धरा."