हरिपूरच्या रस्त्यावरचे सातभाई

प्रमोदिनीबाई मूळच्या वाईच्या. पुण्यात राहून प्राणिशास्त्र शिकल्या आणि १९४३ साली सांगलीला मुलींच्या एका शाळेत शास्त्र शिकवायला आल्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारणाऱ्याकडे त्या अशा बघत, की तो पुन्हा विचारत नसे. त्यांचा जीव गुंतला होता हरिपूरच्या रस्त्याला चिंचांखाली कलकलाट करणाऱ्या सातभाईंत.

मातकट रंगाचे, सदा भांडल्यासारखे ओरडणारे हे पक्षी. थव्यातले बाकीचे पाचोळा उचकटून किडे खातात, तेव्हा एकजण उंच फांदीवर उपाशी बसून राहतो. शिक्रा हा शिकारी पक्षी दिसला की ओरडतो. बाकीचे झुडपात शिरतात, आणि ओरडणारा कुठे आहे ते शिक्र्याला आयतं कळतं. बाईंचं घोडं इथेच अडलं होतं. जो दुसऱ्यांसाठी ओरडतो तो आधी मरणार, त्याची पिल्लं कमी होणार. मग हजारो पिढ्यांत हा स्वभाव नाहीसा कसा झाला नाही? गप्प बसून खाणारेच तेवढे का उरले नाहीत?

ही अडचण त्यांनी ज्याला सांगावी तो ती जागच्या जागी सोडवून देई, आणि बाई आणखी वैतागत. मुख्याध्यापिका लीलाबाई म्हणाल्या, "अहो, त्याग तो. मुलींसाठी छान निबंध होईल."

"बाई, त्याग हे उत्तर नव्हे. तोच तर प्रश्न आहे."

"मी तरी दुसरं काय म्हणतेय? चारशे शब्दांत बसवा म्हणजे झालं."

आधी पक्षी एकेकटे ओळखू यायला हवे होते. बाईंनी माधवनगरच्या गिरणीतलं रंगीत सूत आणून त्यांच्या पायांना बांधलं. दोन दिवसांत पक्ष्यांनी एकमेकांच्या पायांचं सूत चोचीने सोडवून टाकलं. "यातसुद्धा मदत," बाई चरफडल्या. शेवटी बाजारात पत्र्याचे कंदील करणाऱ्या वजीरला त्यांनी गाठलं. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने अल्युमिनियमच्या पट्टीच्या हलक्या कड्या केल्या, त्यांना रंग दिले, पक्षी धरायला तारेचा सापळाही केला. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो बाईंबरोबर चिंचांखाली येऊन बसू लागला.

दोन वर्षांत एक गोष्ट हाती लागली. घरट्यातल्या पिल्लांना आईबापांखेरीज जे चारा भरवत, ते बहुतेक आदल्या वर्षीची त्याच घरट्यातली पिल्लं निघाली. म्हणजे थोरली भावंडं. बाईंना हायसं वाटलं. भावंडं वाचली तर आपल्यासारखाच स्वभाव असलेलं रक्त वाचतं, मग ओरडणारा एक मेला तरी ओरडणं मरत नाही.

पण हे समाधान जेमतेम महिनाभर टिकलं. पिवळ्या कडीची एक मादी दुसऱ्या थव्यातून आली होती. बाईंनी स्वतःच तिला नदीपलीकडे कडी घातलेली. इथे तिचं नात्याचं कुणी नव्हतं, तरी ती परक्या पिल्लांना अळ्या भरवत होती आणि उंच फांदीवर पहाराही देत होती.

"हिला काय पडलंय इथे?" बाई वैतागून म्हणाल्या.

"ऱ्हायाला जागा पायजे असंल," वजीर म्हणाला.

बाईंनी ते वहीत टिपून घेतलं, कारण ते खरं असू शकत होतं. शेचाळीसच्या उन्हाळ्यात थव्यात तीन घरटी झाली. शिक्रा किती पिल्लं नेतो आणि पहारा असताना किती वाचतात, एवढं मोजायचं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात बाई मुदतीच्या तापाने पडल्या.

शाळेतल्या कुणी लागण होईल म्हणून फिरकलं नाही. वाईला भावाला पत्र गेलं, पण भाऊ स्वतःच आजारी होता. आली ती वजीरची बायको जैनब. तीन आठवडे ती सकाळ-संध्याकाळ येत होती. अंग पुसायची, पेज भरवायची. शेजारणींनी दारातून नाकं मुरडली, ती तिने पाहिलीच नाहीत. ताप जरा उतरल्यावर बाईंनी विचारलं, "जैनबबी, तुमचं माझं नातं काय?"

"काय बी न्हाई. त्वांड उघडा."

"मग का करता हे?"

"आवं बाई, पेज निवाय लागली. बोला मागनं."

बाई चिडून पेज प्यायल्या. महिन्याभराने काठी टेकत त्या चिंचांखाली गेल्या. वजीर रोज तिथे बसत होता हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून जिवाला जरा आधार होता.

"अकरा पिल्लं हुती. अकराच्या अकरा उडाली," वजीर म्हणाला.

"शिक्रा आलाच नाही?"

"आला की. लय येळा आला. आला की मी धोंडा हाणायचो."

दोन वर्षं ज्या आकड्यांची वाट पाहिली ते मातीत गेले होते. "वजीरभाई," त्या दात आवळून म्हणाल्या, "ते स्वतः कसे वाचतात, हे बघायचं होतं मला."

"म्हंजी डोळ्यांम्होरं नेताना नुसतं बघायचं?"

"हो. नुसतं बघायचं."

"ते न्हाई जमायचं, बाई."

पुढचे दोन उन्हाळे बाई वजीरला न बोलावता एकट्याच बसल्या. अठ्ठेचाळीस साली पिवळ्या कडीच्या मादीचं त्याच थव्यात घरटं झालं. पूर्वी जिने परकी पिल्लं पोसली, तिची पिल्लं आता बाकीचे पोसत होते. जागा मिळायची असेल तर आधी राबावं लागतं, एवढं बाईंना दिसलं. त्यांनी लेख लिहून मुंबईच्या एका मासिकाला पाठवला. एका पक्ष्यावरून काही सिद्ध होत नाही, असं उत्तर आलं. ते बरोबर होतं, म्हणूनच त्यांना अधिक राग आला.

एकोणपन्नास साली त्या साताऱ्याच्या शाळेत गेल्या आणि किल्ल्याच्या पायथ्याशी वानरांची टोळी मोजू लागल्या. पहिल्याच आठवड्यात पिल्लं होण्याचं वय उलटलेल्या एका म्हाताऱ्या वानरीने कुणाचं तरी पिल्लू दिवसभर पोटाशी धरून ठेवलेलं त्यांनी पाहिलं. हिला तर जागासुद्धा मिळवायची नव्हती. मग स्वतःशीच पुटपुटत त्यांनी नवी वही उघडली.