हळदीचं पाणी

घणसोली गावात आमच्या घरामागे एक विहीर आहे. आत्या सांगते, तिच्या लहानपणी त्या पाण्यात डाळ चटकन शिजायची. मग मिठागरांवर भराव पडला, टॉवर उभे राहिले आणि विहीर खारट झाली. तरी लग्नात हळदीचं पाणी तिथूनच आणायचं, ही आमच्या घरची रीत. रीत मोडवत नाही आणि नवरीला खाऱ्या पाण्यानं न्हाऊ घालवत नाही, म्हणून बायकांनी तोड काढली आहे. हंडे नळावर भरून आधीच विहिरीच्या कठड्यावर नेऊन ठेवायचे. मग वाजतगाजत जायचं, दोर आत सोडल्यासारखा करायचा आणि तेच हंडे उचलून घरी यायचं. सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुणी ब्र काढत नाही.

आत्तेबहिणीच्या हळदीला, लग्न दोन दिवसांवर असताना, मीही असाच हंडा डोक्यावर घेतला. गाणी चालली होती, मी हसत होते, पण लक्ष कामात होतं. दुसऱ्या दिवशी मला एका आराखड्यावर सही करायची होती.

मी महाप्यात एका सल्लागार कंपनीत भूजलाचं काम बघते. आराखडा दूर वाळवंटातल्या मिठाच्या खाणीचा होता. या खाणीत माणूस उतरत नाही. खोल बोअर घ्यायचं, पाणी सोडून खालचं मीठ विरघळवायचं आणि ते खारं पाणी वर ओढून तलावांत वाळवायचं. बोअरची नळी वाटेत गोड्या पाण्याच्या थरातून जाते. ती फुटली तर खारं पाणी त्या थरात शिरतं, मग संपलंच. आणि जवळच एक वस्ती आहे, तिची गोड्या पाण्याची विहीर एकच. पाहणीला गेले तेव्हा तिथल्या एका बाईनं मला तांब्याभर पाणी दिलं होतं. मी अधाशासारखं प्यायले आणि वर आणखी मागितलं.

म्हणून मी लिहिलं होतं : खाण आणि वस्ती यांच्या मध्ये तपासणीची बोअरं घ्यायची, आणि त्यांत खारटपणा वाढला की त्याच क्षणी पंप बंद. खाण संपल्यावर तलावांखालची खारावलेली माती उचलायची, तिथलंच गवत पेरायचं आणि जमीन वस्तीला चराईसाठी परत द्यायची.

सकाळी व्हिडिओ मीटिंग सुरू झाली. खाणवाल्यांचा माणूस गोड बोलणारा. "मॅडम, गवत वगैरे ठीक आहे. पण पंप बंद म्हणजे धंदाच बंद. त्यापेक्षा लिहा ना, पाणी खारट झालं तर टँकर देऊ. कशाला टेन्शन घेता? विहीर काय पळून जातेय?"

माझं टाळकंच सटकलं. "आमचीपण नाही पळाली," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. आमच्या सरांनी घाईनं माईक बंद केला. "काय बोलतेस तू? हे बघ, तुला सही करायची नसेल तर मी दुसऱ्या कुणाची घेतो. क्लायंट हातचा गेला तर निम्मं ऑफिस घरी बसेल."

ते खोटं बोलत नव्हते. भीती मलाही वाटत होती. पण मी त्यांना आदल्या दिवशीच्या हंड्यांची गोष्ट सांगितली. टँकर म्हणजे तेच, मी म्हटलं : विहीर नावाला, पाणी दुसरीकडचं. सर आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी माईक सुरू केला आणि म्हणाले, "टँकर नाही. पंप बंद, हेच राहील."

समोरच्यानं "कळवतो" म्हणून मीटिंग सोडली. दुपारचा डबा ऑफिसात कुणाला गेला नाही. चहाच्या वेळेला उत्तर आलं : मान्य. मी सही केली.

घरी आले तेव्हा आत्या ओट्यावर बसून हळदीचे हंडे चिंचेनं घासत होती. मी मोठ्या तोऱ्यात तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"पानी खारट झालं तं पंप बंद करतील?"

"करावाच लागेल. लिहिलंय तसं."

"आनि खारट झालं, ह्ये कोन सांगनार?"

"खाणकंपनीची माणसं दर महिन्याला तपासतील."

आत्याचा हात थांबला. "म्हंजे हंडा भरनार त्येच," ती म्हणाली, "आनि इहिरीचं पानी हाय म्हननार बी त्येच."

तिनं पुन्हा हंडा घासायला घेतला. मी तिथंच ओट्यावर टेकले आणि सरांना फोन लावला.

"सर, आराखडा अजून पाठवला नसेल तर थांबवा. एक वाक्य राहिलंय. नमुना वस्तीतल्या बायकांनी स्वतः काढायचा आणि आकडा त्यांच्यासमोर वाचायचा."

सरांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलं.

"ते याला नाही म्हणतील," सर म्हणाले.

"मग माझी सही काढून टाका," मी म्हटलं.