पोटाचंच दुखणं

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टच्या छतावर उभं राहून, खाली आठ मजल्यांची पोकळी असताना शिट्टी वाजवत काम करणारा माणूस. भीती त्यांच्या गावीही नव्हती.

गेल्या वर्षी त्यांना शौचातून रक्त पडायला लागलं. आठ महिने त्यांनी ते लपवलं, कारण लपवायची या घराण्याला खोडच आहे. माझे सासरे शेवटची दोन वर्षं मनोरुग्णालयात होते, पण बाहेर सगळ्यांना ‘पोटाचं दुखणं’ म्हणून सांगितलं. मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, तेही चुकून. तेव्हा मी महिनाभर कुणाशी धड बोलले नव्हते.

शेवटी दवाखान्यात मीच सोबत गेले. आतड्याला सूज होती, जखमा होत्या. फॉर्मवर विचारलं होतं, घरात कोणाला मानसिक आजार? भावजींनी ठसठशीत ‘नाही’ लिहिलं. मी ते वाचलं आणि फॉर्म तसाच पुढे सरकवला. डॉक्टरीणबाई गोळ्या लिहिता लिहिता म्हणाल्या, या औषधाने काही जणांचं मन बिघडतं, म्हणून ते विचारतो. अब्रू गेली चुलीत, म्हटलं, आणि सासऱ्यांचं सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. आतड्याचे आणि मनाचे काही आजार एकाच घरात दिसतात, काही जनुकं दोन्हीकडे सापडतात, पण एक झाला म्हणून दुसरा होतोच असं नाही, असं त्यांनी समजावलं. मग वडिलांना पोटाचा त्रास होता का, ते विचारलं. होता की, भावजी म्हणाले, रक्तसुद्धा पडायचं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जे खोटं सांगत आलो, ते अर्धं खरंच होतं.

भावजी टेबलाकडे बघत होते.

“वहिनी, मला हल्ली लिफ्टच्या छतावर भीती वाटते. दोन महिने झाले.”

“पडायची?” मी विचारलं.

“नाही. मीच उडी मारीन, याची.”

बाईंनी गोळ्या लिहिलेला कागद फाडला. कामावर जायचं नाही, असं त्यांना बजावलं आणि वरच्या मजल्यावरच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांना लगेच खाली बोलावलं. ते येईपर्यंत मी भावजींचं मनगट घट्ट धरून बसले. दिराचा हात असा धरणं आमच्या घरात चालत नाही. नसेल चालत तर नसो. सोडायची माझी हिंमत नव्हती.