उलट्या टांगलेल्या किल्ल्या

विद्यापीठातल्या मुलींच्या त्या हॉलमध्ये, म्हणजे वसतिगृहात, शिरायचं तर आंटी एडिनामच्या नजरेखालून जावं लागे. दाराशी तिची खिडकी, खिडकीमागे भिंतभर लाकडी फळी आणि फळीवर प्रत्येक खोलीची किल्ली. खोलीतली शेवटची मुलगी बाहेर पडताना कुलूप लावणार आणि किल्ली आंटीकडे देणार, असा तिथला रिवाज. किल्लीला लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर रंगवलेला खोलीचा आकडा. अठ्ठावीस वर्षं आंटीने ही फळी सांभाळली. पेन्शनला चौदा महिने उरले होते आणि वोल्टा नदीकाठच्या गावी तिच्या घराचं छप्पर तेवढं घालायचं बाकी होतं.

आता एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच बोलत नसे. चार जणींच्या खोलीत पाचवी असायची. हॉलच्या सोडतीत नंबर न लागलेली, मैत्रिणीच्या पलंगाशेजारी चटई टाकून राहणारी. तिला म्हणायचं पर्चर. परक्या फांदीवर बसलेलं पाखरूच ते. पर्चर सापडली तर तिची चटई रस्त्यावर, आणि तिला लपवणाऱ्या पोर्टरची, म्हणजे आंटीसारख्या दारावरच्या माणसाची, नोकरीही. म्हणून बाकीच्या चौघी परीक्षेला जाताना पाचवीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावत. खोली रिकामी दिसायची, म्हणजे झालं.

आंटी कुणालाच काही विचारत नसे. अशा खोलीची किल्ली आली की ती फक्त ठोकळा उलटा टांगायची, आकडा भिंतीकडे. का, तर आत माणूस आहे हे कुणाला तरी ठाऊक हवं. बाई एवढाच विचार करायची, आणि मला विचाराल तर हॉलमध्ये तेवढा विचार करणारी ती एकटीच होती.

कारण हॉलचे मॅनेजर आमार्तेफिओ साहेब फार हुशार. मागच्या सत्रात त्यांनी आगीची घंटा वाजवली, सराव म्हणून साऱ्या मुलींना हिरवळीवर उभं केलं आणि मागच्या मागे खोल्यांची झडती घेतली. अकरा पर्चर सापडल्या. साहेब आठवडाभर मिशीत हसत होते. आंटी त्यांना म्हणाली होती, "साहेब, आता खरी आग लागली तरी या पोरी पलंगाखाली शिरतील." त्यावर तुम्ही किल्ल्या मोजा, आंटी, असं म्हणून साहेब चहाला गेले.

वाळवंटाकडून हरमटानचा कोरडा वारा धूळ घेऊन सुटला होता, परीक्षेचा मंगळवार होता. सकाळी दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बादलीत पाणी तापवायची कांडी सोडली आणि लाइट गेली. वाट बघून मुली त्याच बादलीतल्या गार पाण्याने अंघोळ करून पेपरला पळाल्या. कांडी तशीच, रिकाम्या बादलीत. दहाच्या सुमारास लाइट आली. बादली वितळली, पडदा पेटला आणि वाऱ्याने धूर जिन्यापर्यंत आणला.

घंटा वाजली. हॉलमधल्या मुली हिरवळीवर धावल्या. साहेबांनी यादी वाचली, नावापुढे नाव जुळलं. पेपरला गेलेल्यांच्या खोल्यांना कुलपं होतीच. "यादी पूर्ण. आत कुणी नाही," साहेबांनी अग्निशामक दलाला फोनवर सांगितलं. गाडी शहराच्या गर्दीत अडकली होती.

आंटीने फळीकडे पाहिलं. दुसऱ्या मजल्याचे तीन ठोकळे उलटे होते.

बोलावं तर अठ्ठावीस वर्षांवर पाणी पडणार, घराचं छप्पर तर विसरायचंच. पण हा हिशेब करत बसायला ती काही मॅनेजर नव्हती. तिने तिन्ही किल्ल्या ओढल्या, डोक्याचं फडकं पाण्यात बुडवून तोंडाला बांधलं आणि जिना चढू लागली. आत कुणी नाही म्हणून साहेब ओरडत होते, ओरडत ओरडत तिच्या मागे आले.

पहिल्या दोन कुलपांमागच्या मुली दाराशीच होत्या, खोकत बाहेर पडल्या. तिसरं कुलूप दोनशे अठराचं. दार उघडलं तर आत धूर कोंडलेला, हातभर लांबचं दिसेना. चार पलंग, ट्रंका, पडदे, आणि सगळं चिडीचूप.

साहेब गरजले, "कोण आहे आत? मी मॅनेजर बोलतोय. बाहेर या."

"साहेब, तुम्ही गप्प बसा," आंटी म्हणाली. "तुमचा आवाज ऐकूनच ती लपलीय."

मग ती दारात खाली बसली आणि रोज सकाळी खिडकीतून बोलायची त्याच आवाजात बोलली. "लारिबा, मी आंटी. तुझी किल्ली मीच उलटी टांगली. तू आलीस त्या दिवसापासून मला ठाऊक आहे. कुणी धरायला आलेलं नाही, बाळ. खरंच आग आहे. मला फक्त हात दे."

पर्चरला अशी उघड नावाने हाक मारणारं त्या हॉलमध्ये कधी कुणी नव्हतं. कपाटाचं दार करकरलं. उत्तरेकडच्या बोलगाटांगाची ती सडपातळ पोर रांगत आली, दोन पावलांवर कोसळली. एका बाजूने आंटीने धरलं, दुसऱ्या बाजूने साहेबांनी. जिना उतरेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. हिरवळीवर लारिबाने पहिला मोकळा श्वास घेतला तेव्हा मुलींनी जो गलका केला, तो ऐकून गाडीवाल्यांना पत्ता विचारावा लागला नाही.

पुढच्या सोमवारी चौकशी समिती बसली. पर्चर आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं आंटीला विचारलं. आंटी ताठ उभी राहून म्हणाली, "होतं. एकूण एक." तेव्हा आमार्तेफिओ साहेब उठले. आता ते काय बोलणार हे आंटीने गृहीतच धरलं होतं.

"यादी माझी होती, ती खोटी निघाली," ते म्हणाले. "हिची फळी खरी निघाली. कुणाला काढायचं असेल तर आधी मला काढा."

कुणालाच काढलं नाही. घंटा वाजवून झडती घेणं बंद झालं. पर्चरांची नावंही पोर्टरकडे नोंदवली जाऊ लागली, आणि ठोकळ्यांची मागची बाजू लाल रंगवली गेली, साऱ्या हॉलमध्ये; लाल दिसलं की आत माणूस. माझं म्हणाल तर त्या रंगाचा डबा आंटीच्या गळ्यात पदकासारखा घालायला हवा होता.

पुढच्या सत्रात पुन्हा सराव झाला. साहेबांनी यादी शेवटपर्यंत वाचली, पण ‘यादी पूर्ण’ म्हणाले नाहीत. पर्चरांची नावं पुकारायला भोंगा त्यांनी आंटीच्या हातात दिला.

"लारिबा," आंटीने पुकारलं.

"हजर, आंटी," गर्दीच्या अगदी पुढून उत्तर आलं.