अडीच-तीन सूत

माझ्या नवऱ्याला मी आयुष्यभर ‘हे’च म्हणत आले, इथेही तेच म्हणते. आमच्या घरात विमान बांधायचं ठरलं तेव्हा यांनी मला विचारलं नाही. सांगितलं मात्र सगळ्यांत आधी. साताऱ्याच्या एमआयडीसीतून मेन्टेनन्सचे फोरमन म्हणून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. सकाळचा चहा पिता पिता बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "दोन शिटांचं हाय. एक तुझी."

मी म्हटलं, "माझी सीट विकून टाका. तेवढंच वजन कमी होईल."

मला वाटलं, विषय संपला. पण उन्हाळ्याच्या तोंडावर एक लांबलचक लाकडी खोकं ट्रकमधून आलं आणि आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये उतरलं. आत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, नळ्या, पिशव्या भरभरून पत्रे जोडायचे रिव्हेट आणि जाडजूड पुस्तकं. परदेशातल्या कंपनीने सुटे भाग धाडायचे आणि ते घरी जोडून विमान उभं करायचं, असा तो प्रकार. गावात आधी बातमी पसरली की आम्ही सोलर आणलंय. मग कुणीतरी म्हणालं, ऊसतोडीचं मशीन आहे. खरं काय ते कळलं तेव्हा लोकांना हसावं की काळजी करावी हेच समजेना. मला समजत होतं. मी काळजीच करत होते.

त्याला कारण होतं. आमच्या भागात ‘चालतंय की’ हा शब्द नाही, तो स्वभाव आहे, आणि यांच्यात तो जरा जास्तच भरलेला. कुकरची शिट्टी ढिली झाली, तिला तार गुंडाळली, चालतंय. टाकीचा फ्लोट तुटला, तिथे जुन्या चपलेचा तुकडा बांधला, चालतंय. पंखा कुरकुरायला लागला तेव्हा तर काही न करताच चालतंय. कारखान्यात या गुणाचं फार कौतुक होतं, कारण बंद पडलेली मशीन हे उभ्या उभ्या चालू करून द्यायचे. घरात मला त्या गुणाबरोबर राहायचं होतं. स्कूटरचा मागचा ब्रेक असाच चालवत होते. यवतेश्वरचा घाट उतरताना तो चालायचा थांबला आणि आम्ही दोघं करवंदीच्या जाळीत जाऊन पडलो. माझ्या कोपरावरचा व्रण अजून आहे. तेव्हाही काटे काढता काढता म्हणाले होते, "स्कूटर चालतीय बघ."

असा माणूस मला आकाशात न्यायला निघाला होता. शाळेत मी गणित शिकवत होते, भाबडी नव्हते. मी स्पष्ट सांगून टाकलं, की तुम्हाला अडवणार नाही, पण मी त्यात पाऊल ठेवणार नाही. यांनी मान डोलावली आणि दुसरी सीट तरीही बसवली. तिच्यावर जुन्या चादरीचा तुकडा टाकून ठेवला, धूळ बसू नये म्हणून. मी जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये जायची, डबा त्या सीटच्या बाजूला नेमका ठेवायची आणि बसायची मात्र गुऱ्हाळाच्या जुन्या कट्ट्यावर. 

काम मात्र पुढे सरकत होतं. आधी शेपूट झालं, मग अंग. मधल्या काळात विमान चालवायला शिकायलाही हे जाऊ लागले. डॉक्टरी तपासणीत पास झाले त्या दिवशी घरी येऊन आरशासमोर उभे राहिले होते, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. त्या पाठमोऱ्या माणसाचा मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. हा गेला तर मी काय करू, एवढाच विचार मनात येई, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. बायका म्हणायच्या, "तुमची काय बाई मज्जा, इमानात बसणार." मी हसून मेथी निवडत राहायची.

पंखाच्या पोटात एक लांब पट्टी असते, तिला स्पार म्हणतात. माणसाच्या पाठीच्या कण्यासारखी ती. तिच्या टोकाला धातूचा एक जाड ब्रॅकेट असतो आणि त्याला भोक पाडून बोल्टने पंख विमानाच्या अंगाला जोडतात. ते भोक कंपनी मुद्दाम लहान ठेवते, घरी नेमकं मोठं करायचं असतं. हातातल्या ड्रिलने ते वाकडं जाईल म्हणून यांनी डाव्या पंखाची स्पार माझ्या भावाकडे न्यायचं ठरवलं. माझं माहेर माधवनगरचं. तिथल्या गिरण्यांना सुटे भाग करून देता देता भावाचं वर्कशॉप उभं राहिलं होतं आणि त्याच्याकडे भिंतीला लागून उभं असलेलं मोठं ड्रिल मशीन होतं. टेम्पोत गाद्या टाकून, त्यावर ती स्पार नवरीसारखी निजवून आम्ही सातारा ते माधवनगर गेलो. तिथे पोचलो तर लाईट गेलेली. संध्याकाळपर्यंत ती आली नाही. यांचं दुसऱ्या दिवशी शिकवणीचं उड्डाण होतं, म्हणून स्पार तिथेच ठेवून आम्ही परतलो. ड्रॉइंग यांच्या खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला तेव्हा हे बूट घालत होते आणि मी शेजारी उभी होते.

"दाजी, लाईट आली. भोक किती ठेवू?"

यांनी खांद्यात फोन धरून बुटाची नाडी ओढली आणि म्हणाले, "ठेव की अडीच-तीन सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. आमच्याकडे सुतार, लोहार, लेथवाले सगळे त्याच मापात बोलतात. आणि आकडे आम्ही जोडीनेच बोलतो. दोन-चार माणसं येणार, पाच-सात भाकरी टाक, अडीच-तीन वाजता निघू. बोलणारा अडीच म्हणत असतो आणि ऐकणारा आपल्या सोयीने समजतो. भाऊ तीन समजला.

दुपारी त्याने मोबाईलवर भोकाचा फोटो पाठवला, सोबत शाबासकीचा वर केलेला अंगठा. भोक अगदी गोल, गुळगुळीत, सुंदर होतं. आम्ही आणायला गेलो तेव्हा यांनी खिशातून बोल्ट काढून त्यात घातला. तो आत गेला आणि खुळखुळला.

भावाने वाकून भोकात पाहिलं. मग म्हणाला, "तुमीच म्हणालात अडीच-तीन. मला वाटलं जरा सैल बरं, बोल्ट अडकायला नको." मग त्याने यांचा चेहरा पाहिला आणि घाईने म्हणाला, "आवं, एवढं काय न्हाई. आत बुश मारून देतो. असं बसवतो की कुणाला कळायचं न्हाई."

बुश म्हणजे भोकात ठोकून बसवायची धातूची नळी. भावाने चुकीचं काही सांगितलं नव्हतं, निम्म्या जिल्ह्याची यंत्रं अशा बुशांवर फिरतात. मी यांच्याकडे बघितलं. मला पुढचा शब्द पाठ होता. तो ऐकायची मी तयारी केली. त्यानंतर काय बोलायचं तेही ठरवलं, आणि ते फार कडू होतं.

यांनी बोल्ट पुन्हा एकदा आत घातला, बाहेर काढला, फडक्याने पुसून खिशात ठेवला.

"न्हाई चालायचं," म्हणाले.

"दाजी, मी लिहून देतो, काय हुत न्हाई."

"तुझं काम चोख हाय. मीच बोलायला चुकलो. पर न्हाई चालायचं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे दोन शब्द मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तिथे, लोखंडाच्या किसात उभी राहून, मला रडू आलं. भावाला वाटलं मी स्पारसाठी रडतेय. तो बिचारा पाणी घेऊन धावला.

स्पार गेली म्हणजे पंख गेला. तिला आधीच जोडून ठेवलेलं सगळं, एकेक रिव्हेट पोखरून, काढायला लागलं. नवी स्पार समुद्रमार्गे येईपर्यंत उसाचा एक हंगाम संपून दुसरा आला. त्या दिवसांत मी कट्ट्यावरून उठले. रिव्हेट ठोकताना पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायला दुसरा माणूस लागतो, तो मी झाले. भोकाचं माप मी ड्रॉइंगवरून मोठ्याने वाचायचं, यांनी ते पुन्हा म्हणायचं, मगच ड्रिल चालू, असा नियम मी घातला. हे विद्यार्थ्यासारखे पाळत. जोडीचा आकडा तोंडातून निघाला की मी नुसतं बघायची. घरातही सवय लागली. "तीन-चार दिवसांत येतो" म्हणायचे आणि माझ्याकडे बघून पुटपुटायचे, "चार."

तरीही मी सीटवर बसेन असं म्हटलं नव्हतं. यांनी विचारलंही नव्हतं.

तपासणारे साहेब येऊन गेले, कागद दिल्लीला जाऊन परत आले. विमान टेम्पोतून, हे शिकायला जायचे त्या धावपट्टीवर गेलं, पंख तिथे जोडले. आधी एका जाणत्या वैमानिकाने ते उडवून पाहिलं, मग हे एकटे उडाले, पुढे बऱ्याचदा उडाले. खालून ते मला सहज वाटायचं. हे उतरायचे, पेढा खायचे, फडक्याने विमान पुसायचे.

एका सकाळी भाऊही माधवनगरहून आला होता. हे विमानाभोवती फिरून तपासणी करत होते. मी पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि आत जाऊन बसले. चादरीचा तुकडा घडी करून मांडीवर घेतला. हे फिरून माझ्या बाजूला आले आणि तिथेच थांबले.

यांनी माझा पट्टा लावला. ओढून बघितला. मग सोडून पुन्हा लावला. आपल्या सीटवर येऊन बसले आणि किल्लीकडे हात नेला. हात कापत होता. दुसऱ्या हाताने तो धरला, तर दोन्ही कापायला लागले.

"तू उतर," म्हणाले. "एकटा असतो तवा असं हुत न्हाई."

कुकरला तार बांधणारा, करवंदीतून हसत उठणारा हा माणूस. भीती मला एकटीलाच वाटते असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मला यांच्याविषयी फार माया वाटली.

"मी उतरणार नाही," मी म्हटलं. "घाई कुणाला आहे? हात थांबू द्या."

मग आम्ही तसेच बसून राहिलो. समोर धावपट्टी, कडेला वाळलेलं गवत, त्यात टिटव्या. भाऊ दोनदा जवळ येऊन परत गेला. काय बिघडलं ते त्याला कळेना. हात मांडीवर ठेवून हे त्यांच्याकडे बघत होते, आणि मीही. हळूहळू हात थांबले. मग यांनी सगळी तपासणी पहिल्यापासून पुन्हा केली, एकेक गोष्ट मोठ्याने बोलून, आणि प्रत्येक वेळी मी ‘हो’ म्हणेपर्यंत पुढे गेले नाहीत.

"निघायचं?" यांनी विचारलं.

मी बाजूच्या काचेची झडप उघडून भावाला हाक मारली आणि म्हटलं, "येतो रे आम्ही."