व्हॅनची मागची सीट

पूर्णगडहून रत्नागिरीला जाणाऱ्या पहाटेच्या एष्टीत सगळ्यात मागचं बाकडं भागूबाई आणि रझियाचं. कुणी नेमून दिलं नव्हतं. मासळीच्या पाट्या पायाशी आल्या की पॅसेंजर आपोआप पुढे सरकत. रझियाची बाळंतपणं, भागूबाईच्या नवऱ्याचं, दाजीचं आजारपण, मग दाजीचं जाणं, सगळं त्या बाकड्यावर बोलून झालं होतं.

२००५ साली भागूबाईचे गुडघे बोलायला लागले. पाटी घेऊन एष्टीची पायरी चढवेना. एकटी रझिया जाणार नव्हती. गाडी मिळाली तर धंदा चालेल, नाहीतर दोघींनी घरी बसायचं.

त्या पावसाळ्यात मुंबई बुडाली होती. तिथल्या पुरात भिजलेल्या गाड्या गणपतीनंतर हातखंब्याला एका आवारात स्वस्तात येऊन उभ्या राहिल्या. रझियाचा मुलगा यासीन कुवेतला गाडी चालवून आलेला. तो दोघींना घेऊन गेला. पांढरी व्हॅन धुऊनपुसून लख्ख केली होती, पण दार उघडताच चिखलाचा वास आला. हा वास जन्मात जाणार नाही, असं यासीनचं मत पडलं.

"वासाचं आमाला सांगतोस?" भागूबाई म्हणाली.

जुनी होडी घेताना दाजी आधी भाव विचारत नसे. होडी पाण्यात ढकलायची आणि आत गप्प बसून राहायचं. कुठे पाणी घेते ते होडीच दाखवते, असं तो म्हणे. भागूबाई मागच्या सीटवर बसली. शेजारी रझियाला बसवलं, दार ओढून घेतलं. यासीन बॉनेट उघडून वायरी चाचपू लागला.

गप्प बसायचं होतं. पण रझियाला ती बाई आठवली, एष्टीत चुकून दोघींच्या मधे बसलेली, नाकाला पदर लावून; उतरताना तिनेच पाटीतले सगळे सौंदाळे घेतले. मग भागूबाईला दाजी आठवला. तराजूची विसरलेली वजनं द्यायला लुंगी सावरत एष्टीमागे धावणारा. दोघी हसून हसून दमल्या. आपण एष्टीत नाही, हे थोडा वेळ लक्षातच राहिलं नाही.

यासीनने काच ठोकली. वायरींना गंज चढलाय, चढणीवर कुठेही बंद पडेल, म्हणाला. भागूबाई उतरली तर लुगडं मागून ओलंचिंब. सीट वरून कोरडी, आत पाणी.

"हिने पाणी धरलंन. गाडी नको."

रझियाही उतरून निघायला वळली. या नकारात पाट्या, पहाट, एष्टी, सगळंच सुटलं होतं. भागूबाई मात्र तिथून हलेना. सीटवर हात ठेवून तिने आवारवाल्याला विचारलं, कोळंबीचा वाटा मागावा तसं, "ही मागची सीट तेवढी सुटी देशील?"

यासीन आईकडे बघत राहिला. आईला कळलं होतं.

"खिडकीकडे मी बसणार गो, भागू."

"खिडकी कुठाय हिला?"

"मग खाडीकडे."

सीट कितीतरी दिवस वाळवणीच्या खळ्यात उलटसुलट होत उन्हात पडली होती. चिखलाचा वास गेला, सुक्या बांगड्याचा लागला. मग ती भागूबाईच्या खाडीकाठच्या पडवीत आली. पहाटे वरच्या रस्त्याने एष्टी गेली, की दोघी बोलता बोलता पाय जरा आत ओढून घेत. पाट्यांना जागा हवी म्हणून.