मुलींची वेळ, पाच ते साडेसहा

जळगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी मुलींच्या कबड्डी संघाची कप्तान होते. मुलांचा सराव व्यायामशाळेत, मॅटवर चाले. आम्हाला मेसच्या मागची मुरमाड जागा दिली होती. एप्रिलात तिथं पकड करताना पडलं, की कोपराचं कातडं जमिनीलाच राही. जामनेरकडची एक मुलगी आमची डावी कोपरारक्षक होती. अंगानं काडी, पण घोटा धरला की सोडायची नाही. एका संध्याकाळी ती चढाईवालीच्या खाली सापडली आणि मुरमातल्या काचेनं तिची मांडी वीतभर फाटली. ओढणीनं घट्ट बांधून तिला रिक्षात घातलं. त्या वेळी व्यायामशाळेत मॅट रिकामी होती आणि दाराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. केवळ लिंगाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही, असं घटनेत आहे, हे राज्यशास्त्राच्या तासाला शिकलेलं वाक्य त्यात घातलं. बारा जणींनी सह्या केल्या. क्रीडाशिक्षक म्हणाले, मुली पदक आणत नाहीत, मॅट कशाला हवी? मी म्हटलं, मुरमावर कोणी पदक मिळवलंय ते दाखवा. प्राचार्यांनी तीन आठवडे अर्ज दाबून ठेवला. आम्ही त्याची प्रत विद्यापीठाला पाठवली, तेव्हा व्यायामशाळेच्या दारावर नोटीस लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पाच ते साडेसहा मुली.

पहिल्या आठवड्यात कोणीतरी मॅटवर तेल ओतलं. ते पुसताना आमच्यातल्या एकीचं मनगट मुरगळलं. दुसऱ्या आठवड्यात आमचे बूट संडासात सापडले. तिसऱ्या सोमवारी मुलांचा कप्तान चार जणांना घेऊन स्वतः आला.

"उठा. आमची निवड चाचणी आहे."

मी दारावरची नोटीस दाखवली. त्यानं ती फाडली. त्यावर आमची डावी कोपरारक्षक मध्यरेषेवर मांडी घालून बसली. त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला ओढत दारापर्यंत नेलं. मुळापासून केस उपटल्याचा आवाज मला ऐकू आला. ती उंबऱ्याला धरून राहिली, तेव्हा त्यानं तिच्या पोटात लाथ मारली. मग आणखी एक.

तिसरी लाथ उचलली तेव्हा मी त्याचा घोटा धरला. रोज धरायचे तसाच, दोन्ही हातांनी. तो तोंडावर आपटला. खेळात माणूस पडला आणि शिट्टी वाजली की सोडायचं असतं. इथं शिट्टी नव्हती. मी गुडघा त्याच्या पोटरीवर दाबला आणि पाय पिळला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. तो ओरडला. तरी मी अजून थोडा पिळला. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं व्हॉलीबॉलच्या जाळीचा लोखंडी पाईप माझ्या तोंडावर हाणला. दोन दात तुटून मॅटवर पडले. हनुवटी फाटली.

मी काकांकडे राहून शिकत होते. दवाखान्यातून टाके घालून आले, तोवर त्या मुलाच्या घरून त्यांना फोन आला होता. त्यांनी टाक्यांच्याच बाजूला चापट मारली. मी कूलरवर आदळले. दुसरी मारायला हात उचलला तेव्हा काकू मध्ये पडल्या आणि ती त्यांना लागली. पहिल्या चापटीनंच माझे दोन टाके उसवले होते. पोरांच्या अंगाशी झोंबतेस, उद्या तुला कोण करून घेईल, असं काका विचारत होते. मी तोंडातलं रक्त ओढणीत थुंकत होते.

सकाळी पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावाहून वडील आले. ते गवंडीकाम करत. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"चूक तुनी शे का?" त्यांनी आमच्या अहिराणीत विचारलं.

"थोडी शे," मी म्हटलं.

त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवून टाके पाहिले. "मंग जेवढी तुनी शे तेवढी बी सांग. बठ्ठं सांग, काही ठेवू नको."

आमची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीपुढं गेली. तिथं रसायनशास्त्राच्या एक मॅडम अध्यक्ष होत्या. बाहेरून एक वकीलबाई आल्या होत्या. मुलं म्हणाली, आम्ही फक्त चाचणीची वेळ सांगायला गेलो होतो, मुलीच अंगावर आल्या. प्राचार्यांनी दोन्हीकडून माफी लिहून प्रकरण मिटवावं असं सुचवलं. वकीलबाईंनी फाटलेल्या नोटिशीचे तुकडे जोडून टेबलावर मांडले आणि ती वेळ कोणाची होती एवढंच विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाय मोडल्याचं कळल्यावर तू सोडलास?"

"नाही मॅडम. कळल्यावर अजून पिळला."

कप्तान आणि पाईपवाला, दोघांना वर्षभर कॉलेजबाहेर काढलं, पोलिसांतही तक्रार गेली. मॅटचा अर्धा वेळ मुलींचा, हे लेखी ठरलं. आणि मला त्या हंगामात खेळायला बंदी झाली.

डावी कोपरारक्षक महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी कबूल केलं याचा तिला राग होता. मला बसलेल्या लाथा कोणी मोजल्या का, असं तिनं एकदाच विचारलं. तिच्या टाळूवर रुपयाएवढ्या जागेत केस परत आले नाहीत. धुळ्याच्या स्पर्धेत तीच कप्तान झाली, आणि आम्ही दुसऱ्या फेरीत दोन गुणांनी हरलो. मी बाहेर बाकावर बसून पाहिलं.

आता मी धुळ्यात एका शाळेत खेळ शिकवते. मागच्या वर्षी गावी जाताना पाचोऱ्याच्या फलाटावर मुलांचा तो कप्तान दिसला. कडेवर लहान मूल होतं आणि तो उजव्या पायानं लंगडत होता. त्यानं मला ओळखलं. जिना चढताना दर पायरीला थांबून त्यानं मूल सावरलं. मी वाट दिली. खोटं कशाला सांगू, त्याचं लंगडणं पाहून आधी मला बरं वाटलं. आणि ते बरं वाटणं गाव येईपर्यंत सरेना, म्हणून मला स्वतःचीच भीती वाटली.